‘माणूस’ म्हणजे नक्की कोण? १७८९ च्या जाहीरनाम्यातला एक शब्द

अनवट (धागाकर्ता)

आजोबा घरी नसताना दारावर कुणी आलं की आमची आजी आतूनच सांगायची, "घरात माणूस नाहीये, संध्याकाळी या." ती स्वतः, माझी आई, दोन आत्या, एवढ्या सगळ्या घरात असायच्या. आम्ही पोरं तिला चिडवायचो, "मग तू कोण गं?" ती म्हणायची, "मी बाईमाणूस."

मे महिन्यात पॅरिसला जाणं झालं तेव्हा आजीची ही आठवण भलत्याच ठिकाणी आली. मारे भागात कार्नाव्हाले नावाचं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे (कायमच्या दालनांना तिकीट नाही, पॅरिसमध्ये ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी). तिथे ल बार्बिये या चित्रकाराचं १७८९ च्या सुमाराचं एक चित्र आहे. फार मोठं नाही. देवाच्या आज्ञा कोरतात तशा दोन दगडी पाट्या आणि त्यांवर फ्रान्सच्या ‘माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांच्या जाहीरनाम्या’ची सतरा कलमं. वरती डावीकडे मुकुट घातलेली एक बाई तुटलेल्या साखळ्या हातात धरून बसली आहे, ती म्हणजे फ्रान्स. उजवीकडे पंखवाली आकृती. तिच्या वर त्रिकोणातला डोळा, दोन पाट्यांच्या मध्ये भाला आणि त्यावर लाल टोपी. शिवाय आपलीच शेपटी तोंडात धरलेला एक साप.

हा जाहीरनामा फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत २६ ऑगस्ट १७८९ ला मंजूर झाला. पहिल्याच कलमात आहे की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात आणि तशीच राहतात. मूळ फ्रेंच शब्द ‘ओम’. त्याचा अर्थ माणूस, आणि पुरुषसुद्धा. आमच्या आजीचाच शब्द.

चारच महिन्यांनी, डिसेंबरात, त्याच सभेने नागरिकांचे दोन भाग केले. पंचवीस वर्षं पूर्ण झालेला, तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा आणि कुणाच्या घरी नोकर नसलेला पुरुष म्हणजे ‘सक्रिय’ नागरिक. मत त्याला. बाकीचे ‘निष्क्रिय’. पावणेतीन कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि सक्रिय साधारण त्रेचाळीस लाख. प्रतिनिधी म्हणून उभं राहायचं तर अट आणखी कडक.

तर प्रश्न असा. लॉक, माँतेस्क्यू, व्होल्तेर, रूसो या विचारवंतांच्या प्रबोधनातून आलेला हा ‘माणूस’ सुरुवातीपासूनच मोजक्यांसाठी शिवलेला अंगरखा होता, की सगळ्यांसाठीच होता आणि लिहिणारे ऐन वेळी कचरले? माझं मत असं की लिहिणाऱ्यांच्या मनात सगळे नव्हते, पण त्यांनी वाक्य असं लिहिलं की मागून येणाऱ्यांना दार लावून घेता येईना. तुम्हाला काय वाटतं?

---

चौकस

छान लेख. दोन शंका. एक, शाळेत आम्हाला ‘प्रबोधनयुग’ म्हणजे रेनेसाँ असं शिकवलंय. तुम्ही म्हणताय ते एन्लायटनमेंट, म्हणजे अठरावं शतक. त्याला ‘ज्ञानोदय’ म्हणा, नाहीतर अर्धा धागा लिओनार्दो दा विंचीवर जाईल. दोन, तो साप कशाला?

---

अनवट

ज्ञानोदय चालेल. यापुढे तसंच लिहितो. सापाचं शोधून सांगतो.

---

दाणाबाजार

अनवटराव, चित्र वगैरे ठीक आहे, पण क्रांती पुस्तकं वाचून होत नसते. जरा हिशोब बघा.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडची जिरवायला फ्रान्सने अब्जाहून जास्त लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) ओतले, तेही बहुतेक कर्ज काढून. १७८८ पर्यंत सरकारी खर्चातला निम्मा पैसा नुसता कर्जाच्या फेडीत आणि व्याजात जात होता. कर वाढवावा तर सरदार आणि चर्च बहुतेक करांतून मोकळे. त्यात १३ जुलै १७८८ ला गारपीट झाली, उभी पिकं झोपली, पुढचा हिवाळाही भयंकर निघाला. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला (वीस सू म्हणजे एक लिव्र) मिळायचा, तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. पाव आणल्यावर हातात उरतं काय? या माणसाला रूसो कशाला लागतो?

राजाने १६१४ नंतर पहिल्यांदा तिन्ही वर्गांची (धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता) सभा बोलावली ती तिजोरी रिकामी झाली म्हणून. त्या वेळी गावोगाव तक्रारवह्या लिहिल्या गेल्या. त्या वह्यांत रूसोचा ‘सामाजिक करार’ शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. मिठावरचा कर सापडेल. आणि कबुतरं सापडतील.

हो, कबुतरं. कबुतरखाना ठेवायचा हक्क जमीनदाराचा. त्याची कबुतरं पेरणीचं बी टिपून खाणार आणि शेतकऱ्याने ती मारायची नाहीत. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क सोडून द्यायची चढाओढ लागली आणि त्यातून जे ठराव झाले, त्यातलं दुसरंच कलम कबुतरांवर आहे. गाव ठरवेल त्या हंगामात ती कोंडून ठेवायची, आणि बाहेर दिसली तर ज्याने त्याने आपल्या शेतात खुशाल मारावीत. खरी क्रांती ही.

---

पाटीपेन्सिल

कबुतरांचा मुद्दा _/\_
आमच्या नववीच्या वर्गात उद्या सांगणार.

---

अनवट

दाणाबाजार, आकडे मान्य. पण पावाचे दंगे फ्रान्समध्ये त्याआधीही झालेच होते. १७७५ च्या वसंतात एवढे झाले की त्याला ‘पिठाचं युद्ध’ असं नाव पडलं. तेव्हा लोकांनी गाड्या अडवल्या, धान्य आपल्याला पटेल त्या भावाने विकायला लावलं, लष्कर आलं, विषय संपला. १७८९ मध्ये मात्र भाव उतरवा म्हणण्यावर गोष्ट थांबली नाही. सत्ता राजाची नसून राष्ट्राची आहे, असं जाहीरनाम्याचं तिसरं कलम सांगतं. कायदा म्हणजे सर्वांच्या इच्छेचा आविष्कार, हे सहावं. जिथे सत्तेची विभागणी नाही तिथे राज्यघटनाच नाही, हे सोळावं. सहाव्यात रूसो आहे, सोळाव्यात माँतेस्क्यू. भूक तीच होती, पण या खेपेला तिला हक्काची भाषा मिळाली.

ही भाषा पसरली कशी, त्याचा एक किस्सा मला फार आवडतो. दिदरो आणि दालाँबेर यांचा विश्वकोश १७५१ पासून निघायला लागला. मजकुराचेच सतरा खंड. धर्मशास्त्रापासून टाचण्या कशा करतात इथपर्यंत सगळं त्यात. दिदरो स्वतः चाकू-सुऱ्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा, त्यामुळे सुतार-लोहारांची हत्यारं त्याने तत्त्वज्ञानाच्या मांडीला मांडी लावून बसवली. १७५२ मध्ये पहिल्या दोन खंडांवर बंदी आली आणि हस्तलिखितं जप्त करायचा हुकूम निघाला. ज्याच्या हाताखाली पुस्तकांवर देखरेख करणारं सरकारी खातं होतं तो अधिकारी मालझेर्ब. त्यानेच दिदरोला आधी कळवलं, आणि ‘एवढे कागद ठेवू कुठे?’ म्हटल्यावर ‘माझ्याकडे पाठव, तिथे कोण शोधायला येतंय’ असं सांगून स्वतःच्या घरी ठेवून घेतले.

जप्तीचा माल साहेबांच्याच माजघरात. पुढे हाच मालझेर्ब म्हातारपणी सोळाव्या लुईचा वकील म्हणून उभा राहिला आणि १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला.

---

जुना_बुरूज

आता कसं मुद्द्यावर आलात. ज्याने पुस्तकं वाचवली त्याचंच मुंडकं उडवलं. ‘माणसाचे हक्क’ लिहून चार वर्षं होत नाहीत तोवर रोज गाड्या भरून माणसं वधस्तंभाकडे. इंग्लंडचा खासदार एडमंड बर्क हे १७९० मध्येच सांगत होता की पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढी मोडून कागदावरच्या तत्त्वांवर देश उभा करायला जाल तर शेवटी बंदूकवाल्याच्या हाती जाल. नेपोलियन आलाच ना? तुमचा ज्ञानोदय म्हणजे बोलाचीच कढी.

---

चौकस

गिलोटिनही ज्ञानोदयाचंच अपत्य आहे, हे विसरू नका. आधी सरदाराला तलवारीने मारत आणि सामान्याला फासावर देत किंवा चाकावर हाडं मोडत. डॉ. गिलोतँ यांचं म्हणणं, गुन्हा एक तर शिक्षाही एकाच तऱ्हेची, आणि हाल न होता. यंत्राचा पहिला वापर २५ एप्रिल १७९२ ला, एका वाटमाऱ्यावर. समता आली ती अशी.

---

नंदिनी_क

वर एवढे प्रतिसाद झाले आणि आजीचा प्रश्न कुणीच घेतला नाही, ही गंमत आहे.

राजाने तो जाहीरनामा मान्य केला कधी, ते बघा. ऑगस्टमध्ये नाही. तो टोलवाटोलवी करत बसला होता. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका पावासाठी पावसातून चालत व्हर्सायला गेल्या, वीस किलोमीटरच्या आसपास. त्या संध्याकाळी राजाने मान्यता दिली आणि दुसऱ्या दिवशी बायका त्याला सहकुटुंब पॅरिसला घेऊन आल्या. म्हणजे ‘ओम’चे हक्क राजाकडून कबूल करून घेतले बाईमाणसांनी, आणि डिसेंबरात मतदारांच्या यादीत त्यांचं नाव नाही.

हे तेव्हा कुणाला दिसलं नाही असंही नाही. काँदोर्से या तत्त्वज्ञाने १७९० मध्ये लिहिलं की गरोदरपण वगैरे कारणांनी बायकांना हक्क नाकारायचे, तर हिवाळाभर संधिवाताने अंथरूण धरणाऱ्या किंवा उठसूट सर्दी होणाऱ्या पुरुषांचे हक्क काढायचं का कुणाला सुचत नाही? (मला हा माणूस याच एका वाक्यासाठी आवडतो.)

सप्टेंबर १७९१ मध्ये ओलँप द गूज या लेखिकेने मूळ जाहीरनामाच घेतला, तेवढीच सतरा कलमं, आणि त्यात बाई घातली. तिचं दहावं कलम असं की बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तसाच व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला पहिला हक्क मिळाला. खटला या जाहीरनाम्यासाठी नव्हता हं, देशात कोणतं सरकार असावं यावर लोकांचं मत घ्या असं भित्तिपत्रक तिने छापलं, त्यासाठी. तिच्या आधी चारच दिवस बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली होती. फ्रान्समध्ये बाईला मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये.

त्या चित्रात फ्रान्स म्हणून बाईच बसवली आहे ना? मूर्ती म्हणून चालते.

---

दाणाबाजार

नंदिनीताई, व्हर्सायचा मोर्चा मी हिशोबात धरायला हवा होता. पाव मागायला गेल्या आणि जाहीरनामा घेऊन आल्या, म्हणजे माझा आणि अनवटरावांचा दोघांचाही मुद्दा त्यांनीच सांगितला. पण ४ ऑगस्टबद्दल मीच थोडं गुळमुळीत लिहिलं, तेही दुरुस्त करतो. बरीचशी देणी तेव्हा रद्द झाली नव्हती, शेतकऱ्याने भरपाई देऊन ती सोडवून घ्यायची होती. भरपाईशिवाय सगळी गेली ती जुलै १७९३ मध्ये. कबुतरं मात्र लगेच.

---

आंबेमोहोर

हैतीशिवाय हा धागा अपुरा आहे.

सां-दोमँग, म्हणजे आजचं हैती. त्या वेळची फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत. साखर आणि कॉफीचे मळे. साधारण पाच लाख गुलाम आणि गोरे तीसेक हजार. पहिलं कलम म्हणतं सगळे जन्मतः स्वतंत्र. सतरावं म्हणतं मालमत्ता पवित्र आणि अभेद्य. मळेवाल्यांनी नेमकं शेवटचं कलम उचललं, कारण त्यांच्या वहीत गुलाम हा मालमत्तेच्या रकान्यात होता. दोन्ही कलमं एकाच जाहीरनाम्यात, अनवट, तुम्ही पाहून आलात त्याच.

मे १७९१ मध्ये पॅरिसच्या सभेत वसाहतींचा कायदा आला तेव्हा त्यात ‘गुलाम’ हा शब्द होता. क्रांतीतला जहाल पुढारी रोबेस्पियेर याने हरकत घेतली की हा शब्द कायद्यात लिहिलात तर तुम्ही स्वतःच्याच तोंडाला काळं फासलंत. मग मळेवाल्यांच्या बाजूच्या सभासदाने दुरुस्ती सुचवली : ‘गुलाम’च्या जागी ‘जे स्वतंत्र नाहीत अशा व्यक्ती’. झालं, मंजूर. मळ्यावर मात्र चाबूक तोच.

त्याच वर्षी ऑगस्टच्या २२ तारखेच्या रात्री गुलामांनी मळे पेटवले. ऑगस्ट १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच आयुक्ताला उत्तर भागात गुलामगिरी रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसने सगळ्या वसाहतींतली रद्द केली, तीही समुद्र ओलांडून आलेल्या प्रतिनिधींच्या समोर. त्यांतला एक झाँ-बातिस्त बेले, आफ्रिकेत जन्मलेला, पूर्वी गुलाम असलेला. व्हर्सायला त्याचं चित्र आहे. तिरंगी कमरपट्टा बांधून ऐटीत उभा आहे आणि ज्या संगमरवरी डोक्याला टेकलाय ते आबे रेनाल या तत्त्वज्ञाचं. रेनालच्या नावावरच्या वसाहतींच्या इतिहासात दिदरोनेही पुष्कळ लिहिलं होतं, आणि गुलामांतून एक सूड घेणारा नेता उठेल असं त्यात भाकीत होतं. मला त्या चित्रात बेलेचा चेहरा जास्त जिवंत वाटतो आणि तत्त्वज्ञ दगडाचा. चित्रकाराच्या मनात काय होतं देव जाणे.

नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामगिरी परत आणली. गुलामांचा नेता तूसँ लुव्हेर्त्यूर याला धरून फ्रान्सच्या डोंगरातल्या किल्ल्यात टाकलं, तिथे एप्रिल १८०३ मध्ये तो गेला. पण १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेची किंमत लावली, १५ कोटी फ्रँक, मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून. पुढे ती ९ कोटींवर आणली. म्हणजे जे स्वतः मालमत्ता होते त्यांनीच स्वतःची किंमत मालकाला चुकवायची. सतरावं कलम शेवटपर्यंत वसूल केलं बघा.

---

जुना_बुरूज

हैतीचं माहीत नव्हतं. विशेषतः ‘जे स्वतंत्र नाहीत अशा व्यक्ती’ हे. वाचून गप्प झालो.
तरी बर्कबद्दल माझं मत कायम.

---

मांडवीकाठ

अवांतर, पण विषयाशी धागा जुळतो म्हणून लिहितो. १८२० मध्ये पोर्तुगालात पोर्तो शहरातून उदारमतवादी क्रांती झाली, आणि लिस्बनच्या प्रतिनिधिसभेसाठी गोव्यातूनही माणसं निवडून गेली. त्यांतले बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा गोंयकारच. १८३५ मध्ये ते गोव्याच्या कारभाराचे प्रमुख झाले, त्या जागेवर बसलेले पहिले गोंयकार. तिथल्या गोऱ्या लष्करी मंडळींनी त्यांना तीन आठवडेही टिकू दिलं नाही. घटना उदार, पण खुर्चीवर आपला माणूस नको.

---

पाटीपेन्सिल

जुना_बुरूज यांनी बर्क काढला म्हणून लिहिते. बर्कला उत्तर म्हणूनच थॉमस पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं, पहिला भाग १७९१, दुसरा १७९२. बायकांचे कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, भाषा सडेतोड. दुसऱ्या भागात म्हाताऱ्यांना सरकारने पैसे द्यावेत याचा हिशोबसुद्धा मांडलाय. इंग्लंडने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला, फ्रान्सने त्याला प्रतिनिधी म्हणून निवडलं. तिथे त्याने राजाला मारू नका, म्हणून सांगितलं, आणि पुढे फ्रान्सनेही त्याला तुरुंगात टाकलं. जुना_बुरूज, तुम्हाला हा माणूस आवडेल.

हेच पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा. आमच्याकडे हे एका ओळीत शिकवतात : ‘फुल्यांवर पेनचा प्रभाव होता.’ पुढे प्रश्न, दोन गुण. मला त्या ओळीपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आलं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना आहे ज्यांनी तिथली गुलामगिरी संपवली. म्हणजे जोतीराव नुसतं पेनला मान डोलावत नव्हते, आपल्याकडचा शूद्रातिशूद्र आणि तिकडचा गुलाम एका रेषेत उभे करत होते. आणि मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात हक्कांबद्दल लिहिताना ते नुसतं ‘मानव’ म्हणून पुढे जात नाहीत. पुन्हा पुन्हा ‘स्त्री-पुरुष’ अशी जोडी लिहितात. वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतक्यांदा. पेनच्या पुस्तकाच्या नावात ‘मॅन’च होता.

अनवट, तुमच्या आजीचा घोळ जोतीरावांना माहीत असणार.

---

नंदिनी_क

पाटीपेन्सिल, हे भारी आहे. ‘स्त्री-पुरुष’ मी वाचलं होतं, पण त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

---

काळ_नदी

मी मूळचा महाडचा, म्हणून राहवलं नाही.

२५ डिसेंबर १९२७, महाडची परिषद. मनुस्मृती जाळली ते सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी दाखला दिला होता तो व्हर्सायला १७८९ मध्ये भरलेल्या फ्रेंच सभेचा. आपली ही सभा त्या सभेच्या जातीची आहे, हे त्यांनी मांडवातल्या लोकांना समजावून सांगितलं, आणि परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही मंजूर केला. चवदार तळ्याबद्दल ते म्हणाले त्याचा आशय असा की त्या पाण्यावाचून आमचं काही अडलेलं नाही, आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला तळ्यावर जायचंय.

बघा, शब्द तोच.

पण १९५४ मध्ये आकाशवाणीवर बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनं घेतलेलं नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलंय. त्यामुळे ‘सगळं युरोपातून आलं’ असं कुणी म्हटलं तर ते अर्धवट आहे, आणि ‘युरोपाचा काही संबंधच नाही’ म्हटलं तरी महाडचं भाषण आडवं येतं.

---

चौकस

मग १९२७ चे बाबासाहेब खरे की १९५४ चे?

---

काळ_नदी

दोन्ही. सत्तावीस साली समोर शेकडो वर्षं पाणी नाकारलेले लोक होते. हक्क मागणारी अशी सभा जगात आधी भरलीय, हे त्यांना सांगायचं होतं. चोपन्नला प्रश्न वेगळा होता. नुसत्या कायद्याने बंधुता येत नाही, त्याखाली काय घालायचं? त्याचं उत्तर त्यांना पॅरिसमध्ये सापडलं नाही. हे माझं वाचन, कुणी वेगळं वाचत असेल तर लिहावं.

---

जुना_बुरूज

नुसत्या कायद्याने भागत नाही हे बर्कही म्हणत होता. फक्त तो जुन्या रूढींना धरून ठेवा म्हणायचा, आणि त्या धरून ठेवल्या असत्या तर चवदार तळं आजही बंद असतं, हे मलाही दिसतंय. विचार करतो.

---

अनवट

सगळ्यांचे आभार. ‘मोजक्यांसाठी शिवलेला अंगरखा’ ही माझी उपमा मी मागे घेतो. अंगरखा शिवणाऱ्यांचा नव्हताच, ज्यांच्या मापाचा नव्हता त्यांनी तो उसवून पुन्हा शिवला, आणि आंबेमोहोर यांनी लिहिलंय तसं, त्याचं बिलही भरलं. पाटीपेन्सिल, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ कपाटातून काढून ठेवलंय.

चौकस, तुमचा साप. शेपटी तोंडात धरलेला साप म्हणजे आदि ना अंत, अनंतकाळ. हा जाहीरनामा ज्या राज्यघटनेच्या डोक्यावर बसवला, ती सप्टेंबर १७९१ मध्ये लागू झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये राजवाड्यावर हल्ला होऊन निकालात निघाली. अकरा महिने.